‘माझा’मधला झ

सांगलीतल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी सहायक म्हणून काम करते. लॅबमधली यंत्रं जुनी झाली, त्यांना नेहमीची प्रणाली पेलेना, तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी सगळीकडे लिनक्स टाकायचं ठरवलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली, आतलं सगळं उघडं असलेली ही प्रणाली. मुलांनी आधी कुरकुर केली. मीही केली. प्रिंटर ओळख द्यायचा नाही, प्रोजेक्टरवर चित्र अर्धंच उमटायचं, वायफाय तर लहर येईल तसं चालायचं. पण अडचण शोधायला गेलं की कुठल्यातरी देशातल्या कुणीतरी तीच अडचण आधी सोसून तिचं उत्तर लिहून ठेवलेलं असायचं. त्या अनोळखी माणसांची मला हळूहळू सवय झाली. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही मी तेच टाकलं, आणि पुढे तोच लॅपटॉप घेऊन साताऱ्याला माझ्या भावाकडे गेले.

दादा फौजेत सिग्नलला होता. वायरलेसवर बोलणं आणि संदेश टाइप करणं यात त्याची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यानं वडूजजवळच्या आमच्या गावी न जाता साताऱ्यात छोटं घर बांधलं. काचबिंदूनं त्याची नजर कधी खायला सुरुवात केली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं धुरकट. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जितकी टिकेल तितकी टिकवायची, एवढंच डॉक्टर म्हणाले.

तोवर दादा रोज सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. आता वहिनी वाचून दाखवू लागल्या. पण त्या अडखळल्या की हा चिडायचा, आणि हा चिडला की त्या आणखी अडखळायच्या. शेवटी एक दिवस त्यानं पेपर बंद करायला सांगितला. वहिनींनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा घरात कुणी आजारी पडल्यासारखा त्यांचा आवाज झाला होता.

लिनक्समध्ये पडद्यावरचं वाचून दाखवण्याची सोय आधीपासूनच असते, हे मला लॅबमुळे माहीत होतं. तीन कळा एकदम दाबल्या की यंत्र बोलायला लागतं. मराठीही बोलतं. मी लॅपटॉप दादाच्या पुढ्यात ठेवला, त्या दिवशीची बातमी उघडली आणि कळा दाबल्या. एक बसका, नाकातला आवाज एका सुरात वाचत सुटला.

दादानं थोडा वेळ ऐकलं.

“हा गडी मराठी न्हाई,” तो म्हणाला. “कुठनं धरून आणलास?”

“माणूस नाही दादा, यंत्र आहे. सवय झाली की कळतं.”

“नगं मला. आंधळ्याची खेळणी हायती ही. मी अजून आंधळा न्हाई झालेलो.”

वहिनी उठून आत गेल्या. मी लॅपटॉप टेबलावर तसाच ठेवला, त्याला लागणारी सगळी मांडणी करून दिली आणि संध्याकाळच्या गाडीनं सांगलीला परतले. कऱ्हाडपर्यंत मला राहून राहून वाटत होतं की आपण घाई केली.

बरेच दिवस काही कळलं नाही. मग वहिनींचा फोन आला. आवाज दबका होता.

“वन्सं, आज ह्ये त्याच्यासमोर बसल्यात. मी भाजी आणाय गेल्ते, आले तर बसल्यात. मला बघून उठलं न्हाईत.”

दादाच्या बोटांना कळा ठाऊक होत्या. फौजेत त्यानं इंग्रजी टाइप केलं होतं, तेही कळांकडे न बघता. मराठीचा कळफलक नवा होता, पण तोही त्यानं बोटांत बसवला. दाबलेलं प्रत्येक अक्षर यंत्र उच्चारायचं, चुकलं की हा पुसायचा. डोळे चांगले असतानाच शिकून घ्यायला हवं होतं, असं मी एकदा म्हणाले. तो म्हणाला, “तवा कुणाला गरज व्हती?” काही दिवसांनी घरात सकाळचा पेपर परत सुरू झाला. आता यंत्र वाचायचं, दादा ऐकायचा आणि वहिनी भाजी निवडता निवडता ऐकायच्या. चिडायला आता कुणी उरलं नव्हतं.

चिडायला फक्त तो आवाज उरला होता. ‘चूल’ म्हणताना तो ‘चिंच’मधला च काढायचा. ‘जरा थांब’मधलं ‘जरा’ तो ‘जय’सारखं सुरू करायचा. आणि ‘माझा’ म्हणताना ‘माझी’मधला झ. पेपरात, पत्रात, कुठंही ‘माझा’ आलं की दादा तोंड वाकडं करायचा.

“बाकीचं चालवून घीन,” तो म्हणाला. “पर दिवसातनं शंभरदा माझ्याच घरात बसून मला ‘माझा’ चुकीचं ऐकावं लागतंय. दुरुस्त करता येत न्हाई व्हय?”

मी म्हणाले, येतं. उच्चारांचे नियम साध्या लिखाणासारखे उघडे असतात. कुणीही वाचावे, बदलावे आणि ते सांभाळणाऱ्यांकडे पाठवावे. त्यांना पटलं तर ते सगळ्यांसाठी घेतात.

“सगळ्यांसाठी म्हंजी?”

“जिथं जिथं हे यंत्र मराठी बोलतं, तिथं सगळीकडं.”

त्या आठवड्यापासून तो मला फोनवर शब्द सांगायला लागला. लॅब सुटली की मी ते नियमांत बसवून बघायचे. पहिला मजकूर पाठवला तेव्हा परदेशातल्या कुणाचं तरी इंग्रजीत उत्तर आलं. सभ्य होतं. त्यानं विचारलं होतं, अक्षर एकच असताना कोणत्या वेळी कोणता उच्चार करायचा, हे मराठी माणूस कशावरून ओळखतो?

मी दादाला विचारलं. पुढे इ किंवा ए आला की एकच उच्चार होतो, इथपर्यंत आम्ही दोघांनी मिळून शोधलं. त्यापुढे घोडं अडलं.

“चार बैलांना चारा घाल,” दादा म्हणाला. “सांग त्याला. आता ह्यात काय नियम हाय?”

“मग त्याला काय लिहू?”

“लिही, की आईकडनं कळतं.”

मी तसंच लिहिलं. इंग्रजीत ते वाक्य फार उघडं वाटलं, तरी पाठवलं. उत्तर आलं की मग शब्दच द्या, जमतील तितके आपण शब्दागणिक नोंदवू. आम्ही देत राहिलो.

त्याच सुमाराला एका दुपारी मुलांचं प्रॅक्टिकल चालू असताना वहिनींचा फोन आला.

“वन्सं, ते बोलायचं बंद झालंय. सकाळधरनं ह्ये तसंच बसल्यात. जेवलंबी न्हाईत.”

सकाळी यंत्रानं नवी सुधारणा उतरवून घेतली होती आणि त्यात कुठंतरी आवाजाची यंत्रणा अडकली होती. लॅबमध्ये असं झालं असतं तर मी चहाचा घोट घेत घेत निस्तरलं असतं. पण तिथं दादासमोर नुसती गप्प पडलेली वस्तू होती. पडद्यावर काही उमटलंय की नाही हेही त्याला कळत नव्हतं. मी मुलांना तास सोडून जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

“फोन मोठ्या आवाजावर ठेवा वहिनी. दादाच्या शेजारी बसा. तो टाइप करेल, तुम्ही मला पडद्यावर काय उमटतंय ते सांगायचं.”

“मला इंग्रजी कुठं येतंय वो? सातवीतनं शाळा सुटली माझी.”

“वाचू नका. नुसतं दिसतं ते सांगा.”

दादानं कंट्रोल, आल्ट आणि टी एकदम दाबलं.

“काळी चौकट आली,” वहिनी म्हणाल्या. “त्यात एक काडी लुकलुकतीया.”

मी एक इंग्रजी ओळ अक्षराअक्षरानं सांगू लागले. फोनवर ‘पी’ आणि ‘टी’, ‘बी’ आणि ‘डी’ एकसारखेच ऐकू येत होते. दोनदा चुकलं. मग दादाचा आवाज आला, आणि तो मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता, वायरलेसवरचा.

“थांब. फौजी पद्धतीनं सांग, अक्षराला शब्द लावून. पी म्हंजी पापा?”

“पापा.”

“पापा, दाबलं. दिसलं का गं?”

“गोल हाय,” वहिनी म्हणाल्या. “आन डाव्या अंगाला दांडा, खाली लोंबतोय.”

“बरोबर. पुढं यू म्हणालीस, युनिफॉर्म?”

“युनिफॉर्म.”

“वाटी हाय वाटी. उघड्या तोंडाची.”

लिमा, सिएरा, एको. तो एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारून दाबायचा. वहिनी त्याचं रूप सांगायच्या, ही उभी काठी, ही सापासारखी, ह्याच्या पोटात आडवी रेघ. मध्ये एकदा त्या चुकल्या. मी आपोआप डोळे मिटले, आता हा चिडणार. तो म्हणाला, “राहू दे. परत बघ, निवांत.”

ओळ पूर्ण झाली, तरी आवाज आला नाही. दुसरी ओळ सांगितली. मग यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला लावलं. पासवर्ड टाकायला त्याला डोळे लागत नव्हते. थोडा वेळ तिकडनं काहीच ऐकू आलं नाही. मग तो बसका, नाकातला आवाज काहीतरी बोलला.

“बोललं बरं का वन्सं,” वहिनी म्हणाल्या. “बोललं.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि लांब कुठंतरी नळ सुरू झाला. तोंड धुत्यात म्हणून वहिनींनी सांगितलं, आणि त्या जेवण गरम करायला गेल्या.

आमच्या दुरुस्त्या दादाच्या लॅपटॉपपर्यंत पोचायला बराच काळ गेला. सगळ्या पोचल्याही नाहीत. ‘जरा’ अजून संस्कृतातल्या ‘जरा’सारखं, म्हणजे म्हातारपणासारखंच ऐकू येतं. पण एका सकाळी त्यानं फोन केला आणि “गप ऐक” एवढंच म्हणून फोन यंत्रापाशी धरला. आवाज तोच होता, सूरही तोच. ‘माझा’ म्हणाला, आणि बरोबर म्हणाला. दादानं ते परत वाचायला लावलं. परत लावलं. मी सांगलीत गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हातातलं ओलं लुगडं तसंच धरून मी ऐकत उभी राहिले. मराठी बोलणाऱ्या कुणातरी अनोळखी आंधळ्या माणसाच्या घरातही आज ते असंच बोललं असेल, असं मनात आलं. त्याला ते कुणी केलं हे कधी कळणार नाही. मला ज्यांनी प्रिंटर चालू करून दिले होते, त्यांची नावं मला तरी कुठं माहीत होती?

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दादाची उरलेली नजर गेली. त्यानं फोनवर सांगितलं, गावातली एखादी बातमी सांगावी तसं. “परवाधरनं उजेडबी कळंना. तू धावत येऊ नगंस.” मी मिळेल त्या पहिल्या गाडीनं गेले; संध्याकाळी परतायचं होतं.

तो पुढच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. दुपारचं उतरतं ऊन पायावर आलं होतं. मी शेजारी पायरीवर बसले. सबंध वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं तिथं पोचल्यावर पोकळ वाटायला लागलं.

“घाबरलास का?” शेवटी विचारलं.

“आता न्हाई. ते मुकं झालं न्हवं का, त्या दिवशी घाबरलो. सकाळपासनं दुपारपर्यंत. वाटलं, कुणीतरी दार लावून घेतलं बाहेरनं. आंधळा मी त्या दिवशी झालो. ह्यो आता नुसता दिवा गेला.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण आवाज होऊ दिला नाही. दादानं मान थोडी वळवली. त्याला कळलं होतं. “चा टाक गं सगळ्यांना,” एवढंच तो म्हणाला.

चहा होईतोवर त्याचा फोन वाजला. पाटणकडचे एक माजी सैनिक होते, दादाच्या ओळखीच्या कुणीतरी त्यांना नंबर दिला होता. त्यांचीही नजर चालली होती आणि मुलानं लॅपटॉप आणून दिला होता. त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, दादाचं तेवढं येत होतं.

“व्हय, मीबी सिग्नलचाच… न्हाई, अजाबात दिसत न्हाई… आवं, लगीच कसं जमंल? लय दिवस लागतील. आधी राग यील, येऊ द्या. घरच्यांवर काढू नका तेवढं. मी काढला, तुमी काढू नका.”

त्यांनी काहीतरी विचारलं असावं. दादा उठला, भिंतीला हात लावत आत टेबलापाशी गेला आणि खुर्चीत बसला.

“बसलाय का यंत्रासमोर? मंग उघडा. मीबी हिकडं उघडतो. दोघं बरोबरच करू.”

माझी परतीची गाडी निघायची वेळ झाली होती. वहिनींनी डोळ्यानंच विचारलं. मी पिशवी परत आत ठेवली आणि चहाचा कप घेऊन दारातच बसले. आत दादा सावकाश, एकेक कळ सांगत होता.