सात कोटांच्या खिशातली तंबाखू

आमच्या ह्यांनी सिगारेट चार वेळा सोडली. पहिल्या तीन वेळा मी मैत्रिणींना कौतुकानं सांगितलं, चौथ्या वेळी तोंड बंद ठेवलं. हे कोट शिवतात. चाळीस वर्षं गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. टाचण्या नसतील तेव्हा स्वतः कागदात वळलेली सिगारेट. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नाही. कापडाला वास लागू नये म्हणून हे मागच्या अंगणात ओढायचे आणि साबणानं हात धुऊन मगच कात्रीला हात लावायचे. सगळीकडे निर्व्यसनी म्हणून नाव ह्यांचं, आणि धुराचा वास माझ्या वाळत घातलेल्या चादरींना!

या वेळी डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि ह्यांच्याऐवजी माझ्याकडे बघितलं. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. हेही घाबरले आणि त्याच दिवसापासून ओढणं बंद झालं. पण कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात पाव किलो तंबाखू उरली होती, ती काही हलेना.

"टाकून द्या ना," मी म्हणायचे.

"चांगल्यातली आहे गं."

"मग कुणाला तरी देऊन टाका."

"दुसऱ्याची छाती खराब करू?"

मी स्वतः फेकली असती, पण मला ती ह्यांच्या हातानं गेलेली हवी होती. डबा घरात असेपर्यंत माझा विश्वास बसणार नव्हता. शेवटी एकदाचं सांगून टाकलं, "रविवारपर्यंत डबा रिकामा झाला नाही तर मी धाकट्या बहिणीकडे जाऊन राहते. तुमचा खोकला मोजत बसायला मी इथे थांबणार नाही."

शनिवारी डबा रिकामा. घासून, पुसून, पालथा घातलेला. तंबाखूचं काय केलंत विचारलं, तर म्हणाले, "सत्कारणी लावली." मी खुशीत येऊन मागितल्याशिवाय दुसरा चहा दिला.

सोमवारी मुख्याध्यापकांच्या पत्नी आल्या. दुकान म्हणजे आमचीच पुढची खोली, मध्ये फक्त पडदा. त्यांनी टेबलावर एक कापडी पुडी आपटली.

"आमच्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात सापडली. मुलांना व्यसनावर भाषणं देतो हा माणूस! आईची शपथ घेऊन सांगतोय, माझी नाही म्हणून. कालपासून मी बोलत नाहीये. तुम्हीच सांगा, कोट दुरुस्तीला आला तेव्हा ही खिशात होती का?"

पडद्याआडून मी पुडी ओळखली. अस्तराच्या तुकड्याची, बारीक हातशिलाईची. तंबाखूनं लोकरीला कसर लागत नाही, असं ह्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. थंडी संपली, कोट आता पेटीत जाणार. म्हणून दुरुस्तीला आलेल्या सात कोटांत सात पुड्या, कुणाला न सांगता, दुकानाकडून भेट! चाळीस वर्षं कोट शिवूनही ह्यांना एवढं कळलं नाही, की कोट पेटीत ठेवायच्या आधी बायका खिसे तपासतात.

ह्यांचे कान लाल झाले. 'होती' एवढं म्हटलं असतं तरी हे सुटले असते आणि मुख्याध्यापक मेले असते.

"वहिनी, ती माझी आहे," हे म्हणाले. "मी ओढायचो. आता सोडली."

मग संध्याकाळपर्यंत उरलेली सहा घरं. प्रत्येक ठिकाणी नवऱ्यासमोर, बायकोसमोर तेच: माझी आहे, मी ओढायचो, आता सोडली. बँकेतल्या कॅशियरच्या घरी पुडीबरोबर सिगारेटचं अर्धं पाकीट आणि लायटरही निघाला होता. "तेही ह्यांचंच!" म्हणून कॅशियर डोळे मिचकावायला लागला. हे सरळ म्हणाले, "लायटर माझा नाही. मी काडीनं पेटवायचो." तो कॅशियर अजून दुकानाकडे फिरकलेला नाही.

परत येऊन ह्यांनी सात पुड्या माझ्यासमोर मांडल्या. मी हसून हसून खाली बसले. मग एकदम डोक्यात काहीतरी आलं.

"काय हो, हे सगळे कोट पुढच्या थंडीआधी इस्त्रीला तुमच्याकडेच येतात ना?"

"येतात."

"पुड्यांसकट आले असते."

हे टेपशी चाळा करत राहिले. मग हळूच म्हणाले, "ओढणार नव्हतो गं. पण कुठेतरी आहे एवढं माहीत असलं, की जिवाला बरं वाटतं."

मला संताप आला आणि भयंकर दयाही आली. चाळीस वर्षांची सोबत होती ती, माझ्याहून जुनी.

"मग आता?"

"आता काय! सात घरांत सांगून आलोय. तुझ्याशी खोटं बोलायची सवय आहे मला. त्या सातजणींशी कसं बोलू?"

हे पुड्या घेऊन संडासात गेले. एकेक उसवून ओतली, साखळी ओढली. शेवटच्या पुडीला हात थांबला.

"तू जरा बाहेर जा," हे म्हणाले.

मी गेले नाही.