‘मी आहे ना’च्या पुढे

माझा भाऊ सध्या काय करतो, हे विचारायला वर्षातून एकदा तरी कुणीतरी वार्ताहर फोन करतो, आणि तो फोन मलाच येतो. कारण हा गृहस्थ अनोळखी फोन उचलत नाही, आणि चुकून उचललाच तर “लिफ्ट” एवढंच म्हणून ठेवून देतो. मग मी सविस्तर सांगते. तो लिफ्ट दुरुस्त करतो. हो, तोच, त्या शाळेच्या मालिकेतला. नाही, दारूबिरू काही नाही. वेडही लागलेलं नाही. समोरचा जरा हिरमुसतो. मालिकेतली नायिका आता विमा विकते आणि वर्गातला गुंड झालेला मुलगा खऱ्याखुऱ्या शाळेत मुख्याध्यापक आहे, यावर त्यांना पानभर मजकूर मिळतो. लिफ्टवर काय डोंबल लिहिणार?

घरात आम्ही त्याला हिरो म्हणतो. कौतुकानं नाही, वैतागून.

तो सोळाचा होता तेव्हा ती मालिका सुरू झाली. अल्पवयीन मुलाबरोबर घरचं मोठं माणूस हवं, असा नियम होता. बाबांना रजा नाही, आईची कंबर धरलेली, म्हणून मी, सव्वीस वर्षांची थोरली बहीण, तीन वर्षं रोज त्याच्याबरोबर जाऊन कपड्यांच्या रांगेपाशी स्टुलावर बसले. रिकामी बसवेना म्हणून गणवेशांची बटणं लावायला लागले. आज माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे ते त्या बटणांवर. मालिकेचा खरा फायदा कुणाला झाला असेल तर तो मला, असं मी चारचौघांत म्हणते. हिरो त्यावर हसतसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी दिव्यांसमोर त्याचे पाय लटपटायला लागले. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “घाबरतोस काय? मी आहे ना.” ते दिग्दर्शकानं ऐकलं. झालं. माझं वाक्य उचलून त्यांनी त्याच्या तोंडी घातलं. कुणी नापास होवो, कुणाचे आईबाप भांडोत, कुणाचं प्रेम मोडो, भागाच्या शेवटी हा येणार, खांद्यावर हात ठेवणार आणि म्हणणार, “मी आहे ना.” मग त्याचा चेहरा मोठा व्हायचा, संगीत वाजायचं आणि भाग संपायचा. तीन वर्षं हेच. पोरं वह्यांवर लिहायची, पोरी उशीखाली फोटो ठेवायच्या. आमच्या दारावरच्या पाटीखालीसुद्धा कुणीतरी खडूनं लिहून गेलं होतं.

आणि ज्या माणसानं ते वाक्य अख्ख्या देशाला ऐकवलं, त्यानं ते घरात कुणालाही कधी म्हटलं नाही. त्याची बायको म्हणते, “मी पोर असताना ते वाक्य ऐकूनच याच्या प्रेमात पडले, आणि लग्नानंतर ऐकते काय, तर गॅस बंद कर.” मी तिची समजूत घालते, पण मनातून मीही तेवढीच चिडलेली. मूळ वाक्य माझं. मला एकदा तरी परत मिळायला हवं होतं की नाही? तशी मी मागणार नव्हते. पण गेल्या वर्षी माझ्यावर मागायची वेळ आली.

त्याआधी मालिकेच्या दुसऱ्या वर्षीची एक दुपार सांगायला हवी.

दारावरची घंटा वाजली. दारात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, पाठीवर शाळेचं दप्तर, हातात कपड्यांची पिशवी. तीन बस बदलून एकटी आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्यामागं हिरो उभा होता, त्याला म्हणाली, “मी आलेय. तुम्ही म्हणाला होतात ना.”

सतरा वर्षांचा पोरगा तो. पांढराफटक पडला. मीच तिला आत घेतलं, दूध-बिस्किटं दिली, गोड बोलून घरचा नंबर काढून घेतला. संध्याकाळी तिचे वडील आले. सभ्य, इस्त्रीचा सदरा, माझे दोनदा आभार मानले. मुलगी उठेना. तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती आणि ती सारखी हिरोकडे बघत होती. तो भिंतीपाशी उभा होता, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. वडिलांनी तिची बोटं एकेक करून सोडवली आणि तिला घेऊन गेले. पुढं तिचं काय झालं, आम्हाला कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

ते गेल्यावर हिरोनं मला विचारलं, “ताई, त्याच्यापुढचं वाक्य काय असतं?”

मी थकले होते, वर मला सहा गणवेशांची दुरुस्ती करायची होती. मी म्हटलं, “पुढचं वाक्य नसतं. पुढं जाहिरात असते.”

आज वाटतं, जीभ आवरायला हवी होती.

पुढचं वर्षभर त्यानं ते वाक्य कसंबसं पुटपुटत काढलं आणि मालिका संपली. नंतर चार-दोन ठिकाणी निवडीला गेला. सगळीकडे तेच वाक्य म्हणून दाखवायला सांगायचे, हा गप्प. शेवटी बाबांनी हात टेकले आणि त्याला तांत्रिक शाळेत घातलं. तिथून लिफ्टच्या कंपनीत. त्याला वीस वर्षं झाली. हाताला ग्रीसचा वास, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तोंड बंद.

आता लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं दोन गोड शब्द बोलायला नकोत का? आत माणसं अडकलेली असतात, रडकुंडीला आलेली. त्याच्या साहेबांकडे तक्रारी जातात की माणूस कामाचा चोख आहे, पण धीर म्हणून देत नाही. हे मी नुसतं ऐकून होते. मग मी स्वतः अडकले.

गेल्या वर्षी, भर सकाळी, आमच्या इमारतीच्या, त्याच्याच कंपनीच्या लिफ्टमध्ये. सोबत शेजारच्या काकू. धक्का बसला, दिवा विझून छोटा दिवा लागला. काकूंनी धावा सुरू केला. मला घाम फुटला, धाप लागली. वीस मिनिटांनी बाहेरून आवाज आला, “आत कोण?”

“मी आहे रे. ताई,” मी म्हटलं.

“किती जणी?”

“दोघी.”

काकूंनी आवाज ओळखला. त्यांना जरा जीवात जीव आला. “अरे, ते तुझं म्हण ना,” त्या म्हणाल्या. “बरं वाटेल बघ.”

हिरो म्हणाला, “काकू, लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये आहे. हवा येते, गुदमरणार नाही. मी आता गच्चीवर जाणार, मेन स्विच बंद करणार आणि चाक हातानं फिरवून तुम्हाला खाली आणणार. तिथून तुम्हाला माझा आवाज येणार नाही. लिफ्ट हलेल. हलली तर ती पडत नाहीये, मी हलवतोय. दहा मिनिटं लागतील. ताई, घड्याळ बघ.”

आणि गेला. काकू म्हणाल्या, “काय मेला दगड आहे.” मी म्हटलं, “लहानपणापासून.” पण मी घड्याळ बघत होते. सातव्या मिनिटाला लिफ्ट वीतभर खाली सरकली, काकू किंचाळल्या आणि मी म्हटलं, “तो हलवतोय.” मग पुन्हा वीतभर. दहाव्या मिनिटाला दार उघडलं आणि हा समोर, घामानं निथळत. त्यानं काकूंचा हात धरून त्यांना बाहेर घेतलं आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

“ताई, किती दिवस धाप लागतेय?”

“घाबरले होते रे.”

“नाही. घाबरलेल्याची धाप मी रोज दाराबाहेरून ऐकतो. ती बाहेर आल्यावर थांबते. तुझी थांबलेली नाही.”

त्याच दिवशी ओढत डॉक्टरांकडे घेऊन गेला. हृदयाची एक झडप खराब झाली होती, ती बदलायला हवी होती. डॉक्टर म्हणाले, आणखी सहा महिने गेले असते तर सांगता आलं नसतं.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि मी मनातून पार ढेपाळले. मला मरायचं नव्हतं. दुकानात लोकांचे कपडे पडले होते, आणि ते नसते तरी मरायचं नव्हतं. त्या आठवड्यात मला एकच गोष्ट हवी होती. भावानं शेजारी बसून म्हणावं, ताई, मी आहे ना. तीन शब्द. तर हा रोज संध्याकाळी यायचा आणि माहिती द्यायचा. छाती किती इंच उघडतात. रक्त किती बाटल्या लागतं. हजारात किती जण दगावतात, तोही आकडा.

“तुला कुणी विचारलं?” मी एकदा ओरडले.

“खरं आहे ते,” तो म्हणाला.

“मला खरं नकोय. मला बरं वाटायला हवंय.”

तो बराच वेळ हाताच्या रेषांतलं ग्रीस नखानं काढत बसला. मग उठून गेला. मी त्याच्या बायकोला फोन करून अर्धा तास त्याच्या नावानं शंख केला.

ऑपरेशनच्या सकाळी त्याची बायको माझ्या दुकानात बसली आणि हा माझ्याबरोबर आला. मला ढकलगाडीवर निजवून नेत होते. बरोबरची नर्स चाळिशीची. तिनं हिरोला ओळखलं आणि तिच्या चेहऱ्यावर शाळकरी पोरीचं हसू आलं. दाराशी गाडी थांबवून ती म्हणाली, “अहो, म्हणा ना ताईंना ते. आज तरी म्हणायलाच हवं.”

मी त्याच्याकडे पाहिलं. आडवं पडून पाहिलं की माणूस वेगळा दिसतो. बेचाळीस वर्षांचा बाप्या, केस विरळ झालेले, आणि तोंडावरचा रंग थेट त्या दुपारचा. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोंड उघडलं. माझ्यासाठी तो ते म्हणणार होता. सव्वीस वर्षं जे मला हवं होतं ते समोर आलं होतं, आणि मला दिसली ती खुर्चीची पाठ धरून बसलेली पोर. या दारापलीकडे त्याला काहीच करता येणार नव्हतं. ना गच्ची, ना चाक. आणि हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

“नको,” मी म्हटलं. “राहू दे.”

त्यानं तोंड मिटलं.

“ऐक,” मी म्हटलं. “साडेतीन तास लागणार आहेत. आतून तुला माझा आवाज येणार नाही. तू इथं या बाकावर बस. घड्याळ बघ.”

तो मान हलवून बाकावर बसला आणि त्यानं मनगट गुडघ्यावर ठेवलं. नर्स माझ्यावर रागावलेली दिसली. गाडी आत गेली.

शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती, हात बांधलेले होते आणि अंगावर कुणीतरी मोठं कपाट ठेवलंय असं वाटत होतं. डोळ्यांपुढं धुकं होतं. त्यात हिरोचा चेहरा दिसला. डोळे सुजून लाल, नाक पुसून पुसून सोललेलं. मला वाटलं, आता तरी हा माणूस दोन शब्द मायेचे बोलेल.

तो माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, “चाळीस मिनिटं उशीर केलास तू.”

घशात नळी होती म्हणून वाचला.