तळवलीच्या बांधावर कोण धावतं?

बाजीराव धावायचा. बस पकडायला नव्हे, कामावर वेळेत पोचायला नव्हे. नुसता धावायचा.

मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि एकोणऐंशी साली पावणे गावातल्या एका लहान कारखान्यात स्टोअर क्लार्क म्हणून लागलो. बाजीराव तिथे लेथवर होता. तळवली गावाच्या तोंडाशी, ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून एका चाळीत त्याची खोली होती. "ये माझ्याकडं. एकट्याला खोली खायला उठती," म्हणाला. मी ट्रंक उचलली आणि गेलो.

एका पहाटे जाग आली तर तो उंबऱ्यावर बसून कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या बांधत होता.

"कुठे निघालास?"

"पळायला."

"कशाला?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. जेवतोस कशाला, असं मी विचारल्यासारखं.

तोवर तो हमरस्त्याच्या कडेने धावायचा. ट्रकचा धूर खात. त्या दिवशी म्हणाला, "गावाच्या मागं पाणी दिसतंय. चल, बघू." तो धावत आणि मी सायकलवर, असे आम्ही गावामागे गेलो.

आधी एक तळं लागलं. काठाला म्हशी उभ्या होत्या. तळ्यापासून एक नाला भातशेतांमधून सरळ खाडीकडे जात होता. नाल्याच्या तोंडाशी लाकडी फळ्यांचं दार होतं. त्याला गावात उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी सोडतात, भरतीला लावून खाडीला बाहेर ठेवतात. उघाडीपासून मातीचा उंच बांध सुरू व्हायचा आणि मोठं वळण घेत दूरवर एका भेंडीच्या झाडापाशी संपायचा. बांधाच्या एका बाजूला तिवरं, चिखल, खाडी. दुसऱ्या बाजूला हिरवं भात. दोन्हीकडे पाण्यात आभाळ.

बाजीराव उघाडीपाशी क्षणभर थांबला. मग बांधावर चढला आणि सुटला. तसा धावताना मी त्याला पुन्हा बऱ्याचदा पाहिलं. पण त्या दिवशी तो हसत होता. एकटाच.

मी सायकल आडवी टाकून बघत बसलो. मागून आरडाओरडा ऐकू आला. वळून पाहतो तर गाव येत होतं. पुरुष फावडी घेऊन, बाया घमेली घेऊन. एकाच्या अर्ध्या गालाला साबण होता. एक म्हातारी पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन तरातरा चालत होती. सगळे माझ्या अंगावरून बाजीरावच्या मागे.

बाजीराव भेंडीला वळसा घालून परत येत होता. समोर ही फौज पाहून थबकला.

"कं गेली खांड?" सगळ्यांत पुढच्या माणसाने दम खात विचारलं. हा किसन पाटील. उघाडी त्याच्या ताब्यात.

"कसली खांड?"

"बांध कंच्या जागी फुटला?"

"फुटला न्हाई."

"मंग धावतंस कशाला?"

"तसंच."

साबणवाल्याने गाल पुसला.

"मागं कुत्रा बित्रा व्हता का?" एका बाईने विचारलं.

"न्हाई."

"येरा हाय," ती घमेलं कमरेवर घेत म्हणाली. "चला गं. चुलीवर भात हाय माजा."

येरा म्हणजे वेडा. तो वेडा का, ते तेव्हा मला कळलं. बांधावर चालतात, बसतात, चिंबोऱ्या धरतात. धावत कोणी नाही. बांधाला भोक पडलेलं ज्याला दिसेल तो धावतो, आणि धावणारा दिसला की गाव हातातलं टाकून निघतं. खारं पाणी आत शिरलं की त्या सालचं भात जातं आणि पुढची काही सालं जमीनही जाते. ओरडलेलं वाऱ्यात ऐकू येत नाही. म्हणून धावणं हीच हाक.

किसनने बोट रोखलं. "बांधावर चाल. बैस. मासं धर. धावाचा नाय."

बाजीराव पुन्हा हमरस्त्यावर धावू लागला. धुराने खोकायचा. एकदा ट्रकने त्याला गटारात उतरवलं. बांधावर चालूनही पाहिलं त्याने. परत येऊन गुडघे चोळत बसला. "हिथं चालवत न्हाई रे," म्हणाला. "पाय ऐकत न्हाईत." लेथवर त्याचं लक्ष लागेना. एक माणूस मातीच्या वाटेसाठी असा झुरतो, हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी तो मला घेऊन किसनच्या घरी गेला. पेंढ्याचा भारा आणणारी म्हातारी म्हणजे किसनची आई, बयाबाई. तिने आम्हाला ओटीवर बसवलं.

"कंचा गाव तुजा?"

"माण तालुका. साताऱ्याकडं."

"पानी हाय का तिकरं?"

"न्हाई. बाहत्तरला तर विहिरीच्या तळाला भेगा होत्या. टँकर यायचा."

"मंग धावाला कुनी शिकवला?"

बाजीराव जरा लाजला. "टँकरनंच. लांबनं धूळ दिसली की सगळं गाव पळायचं. हंडे घेऊन. मी म्होरं असायचो. पानी आलं, पानी आलं, करत. तवापासनं पळायचं म्हटलं की बरं वाटतं."

किसन एकदम हसला. "आये, ऐकलास का? आमीबी पानी आला म्हनूनच धावतो."

बयाबाई हसली नाही. "धावू दे त्याला," म्हणाली.

अट एकच ठरली. गावाच्या समोरून जाताना बाजीरावने हात वर करायचा. हात वर म्हणजे सगळं ठीक. गाव समजून घेईल, कोणी उठणार नाही.

तेव्हापासून रोज सकाळी बांधावर तो ठिपका दिसायचा. हात वर व्हायचा. शेतातून, ओट्यांवरून हात वर व्हायचे. बाया म्हणायच्या, "गेला येरा." आणि पुन्हा कामाला लागायच्या.

पुढच्या वर्षी भाद्रपदातल्या अवसेला बयाबाईने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. पितरांचा दिवस. घरोघरी स्वयंपाक, शेतात कोणी नाही. आम्हाला सुट्टी होती, म्हणून बाजीराव उशिरा धावायला निघाला. "भूक लावून येतो," म्हणाला.

मी किसनच्या अंगणात बसलो होतो. बयाबाईने कौलांवर पान ठेवलं होतं आणि कावळ्याची वाट पाहत ती आभाळाकडे बघत उभी होती. अवसेची भरती चढत होती. भात निसवलं होतं, वाऱ्यावर नुसतं हलत होतं.

लांब भेंडीच्या बाजूला बाजीराव दिसला. त्याने हात वर केला. किसनने केला. मीही केला. त्याने दोन्ही हात केले. "आज लई खुशीत हाय," किसन म्हणाला आणि आम्हीही दोन्ही हात केले. मग तो इकडून तिकडे धावला, परत आला. आम्ही हसलो. धावणाऱ्याकडे कोण लक्ष देतं?

मग तो थांबला.

किसन आत पानं वाढायला वळला. बयाबाई मात्र कपाळाला हात लावून बघत राहिली.

"किसन, त्यो उबा हाय."

"दमला आसंल."

"त्यो? दमला?"

किसन बाहेर आला. हिरव्या भातापलीकडे बांधावर एक माणूस खांबासारखा उभा होता. हात खाली सोडलेले. आम्ही त्याला असं उभं कधीच पाहिलं नव्हतं.

"जा तू," बयाबाई म्हणाली.

किसन धावला. तो धावलेला पाहून गाव धावलं.

बाजीराव भेंडीकडे गेल्यावर मागे, तो आणि गाव यांच्या मधोमध खांड पडली होती. चिंबोऱ्यांनी पोखरलेल्या जागेतून पाणी घुसलं होतं. फार रुंद नव्हती, पण कडा विरघळत होत्या. उडी मारायला पाय ठेवावा तर माती खाली जात होती. गावाने पेंढा टाकला, माती टाकली. वाहून गेली. किसनने स्वतःच्या गोठ्याचं दार उपटून आणवलं, ते आडवं धरून मागे माती भरली. पलीकडून बाजीराव हातांनी चिखल ओढून लावत होता. भरती उतरेपर्यंत सगळे चिखलात. खालची दोन शेतं खारी झाली. बाकीचं भात राहिलं.

जेवायला संध्याकाळ झाली. पान कावळ्याने कधी नेलं, ते कोणी पाहिलं नव्हतं. बाजीरावच्या तळव्यात कालवाची शिंप घुसली होती. बयाबाई हळद भरत होती.

मी विचारलं, "थांबायचं कसं सुचलं तुला?"

"सुचलं न्हाई," तो म्हणाला. "हात केला तर तुमीबी हात करताय. पळालो तर हसताय. काय करावं ते कळंना. म्हणून हुबा ऱ्हायलो."



दुसऱ्या दिवशी पाय सुजला होता. मी म्हटलं, पडून राहा. तो माझ्या सायकलवर मागे बसला आणि म्हणाला, गावात चल. किसनच्या अंगणात उतरला, एका पायावर उभा राहिला.

"पाटील, पाय बरा होईस्तोवर पळणार न्हाई. बांधाला काय झालं न्हाई. घाबरू नका."

किसनने मान डोलावली आणि शेजारच्या ओटीकडे तोंड करून ओरडला, "येरा आजारी हाय गं. आज धावनार नाय."

निरोप ओटीवरून ओटीवर गेला.

बयाबाई भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "लवकर बरा हो," ती म्हणाली. "सकालपासून दहा येला बांधाकरं बघून झाला माजा. भाकऱ्या करपल्या."