पासवर्ड घरात आहे

"पासवर्ड घरात आहे. आत या." एवढं म्हणून बाई दार सताड उघडायच्या आणि स्वतः बाजूला उभ्या राहायच्या. आलेला माणूस अंगणात घुटमळला, तर त्याही तशाच उभ्या. त्यांना कसली घाई नसायची.

बाई म्हणजे आमच्या खाडीकाठच्या गावातल्या निवृत्त शिक्षिका. बौद्धवाडीच्या तोंडाशी, रस्त्यालगत त्यांचं घर. मी गावोगाव ब्रॉडबँडच्या वायरी ओढतो. राहतो त्याच गावात, वरच्या आळीत. डोंगरामुळे तेव्हा मोबाइलला रेंज नावालाच होती. वाडीतल्या पोरांना साधा भरतीचा फॉर्म भरायचा तर पेण गाठावं लागायचं, म्हणून बाईंनी स्वतःच्या नावावर जोडणी घेतली. "वाडीच्या टोकाच्या घरापर्यंत पोचलं पाहिजे," ही त्यांची एकच अट.

मी राउटर उंचावर, खिडकीशेजारी बसवला. दुसऱ्याच दिवशी फोन. "अरे, तुझं यंत्र आजारी आहे." जाऊन बघतो तर बाईंनी राउटरला क्रोशाचं झालरवालं झाकण विणून घातलेलं आणि धूळ नको म्हणून तो लोखंडी कपाटात ठेवलेला. वायरीपुरती फट सोडून कपाट बंद!

"बाई, लोखंडातून नेट जात नाही."

"मग आधी सांगायचंस ना. मीसुद्धा वर्गात आधी सांगायचे, मग छडी घ्यायचे."

मी घालून दिलेला पासवर्ड त्यांनी संध्याकाळपर्यंत बदललाही होता. दर सोमवारी नवा. माजघरात त्यांनी शाळेसारखा फळा लावला होता, त्यावर इंग्रजी अक्षरांत सुविचार लिहायच्या, आणि तोच पासवर्ड. एका सोमवारी सुविचार इतका लांबलचक होता की अर्धी वाडी दुपारपर्यंत नेटविना बसली. तक्रार केली तर म्हणाल्या, "चुका कमी करा, नेट येईल."

ते नेट रस्त्यापर्यंत पोचायचं. आमच्या आळीतली माणसं बाईंच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन फोन वर करून उभी राहू लागली. "बाई, हितनंच सांगा की पासवर्ड." बाईंचं उत्तर तुम्हाला माहीत झालंच आहे. फळ्याखाली पाण्याचा तांब्या आणि पेले मांडलेले असायचे. घरात आलेल्याला आधी पाणी, मग फळा. आणि इथंच घोडं पेंड खात होतं. आमच्या आळीला वाडीतलं नेट चालत होतं, पाणी चालत नव्हतं. तोंडावर हे कुणी कबूल करणार नाही. "आत्ताच प्यालोय" हे आमचं ठरलेलं उत्तर. पहिल्या दिवशी मीही तेच दिलं होतं. तुमच्याही गावात अशी आळी असेल. नसेल वाटत, तर नीट बघा.

बाईंकडे जाणारी वायर माझ्या काकांच्या वालाच्या शेतावरून गेली होती. काकांनी मला बोलावून घेतलं. "बाईला सांग, पासवर्ड रस्त्यावर मिळंल, न्हायतर वायर माझ्या शेतावर दिसायची न्हाय." मी निरोप्या होऊन गेलो. वाटलं होतं, बाई नमतं घेतील. वाडीतल्या पोरांचे फॉर्म त्याच आठवड्यात भरायचे होते.

"काप वायर," बाई म्हणाल्या. "पोरांना मी पेणला घेऊन जाईन. पण माझ्या घरचं नेट हवं आणि माझं घर नको, हे चालायचं नाही." मग म्हणाल्या, "जनगणनेला मी तुमच्या आळीत दारोदार फिरले होते. एका ओटीवर पाणी मागितलं, तर ओंजळीत वरून ओतलं. पेला दिला नाही. मी विसरलेले नाही."

ती ओटी आमची होती. मी तेव्हा दुसरीत होतो आणि बाई माझ्याच वर्गाला शिकवत होत्या. त्यांच्या ओंजळीतून सांडणारं पाणी बघून मी हसलो होतो. बाईंनी ते पाहिलं होतं का, हे विचारायचं धैर्य मला कधी झालं नाही. लाज वाटली, अजून वाटते.

मी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं आणि प्यालो. वायर कापली नाही. तीन दिवस खपून, बांबू रोवून, खाडीच्या बांधावरून ती फिरवून आणली. काका भडकले. म्हटलं, "तुमच्या शेतावर आता काय न्हाय. बोला!"

काकांची सून, म्हणजे माझी वहिनी, शिक्षक भरतीचा अभ्यास करत होती. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ती भर दुपारी, अख्ख्या आळीदेखत, बाईंच्या घरात शिरली. एक पेला प्याली, दुसरा मागून घेतला. पुढे ती रोज बाईंकडे अभ्यासाला जाऊ लागली. तिच्या मागोमाग आणखी चार-सहा जण गेले. काका मात्र नाही.

मग गावाजवळ टॉवर आला. ज्याच्या त्याच्या खिशात नेट आलं आणि आमच्या आळीची पावलं बाईंच्या घराकडे वळेनाशी झाली. मला फार वाईट वाटलं. बाई हसल्या. "बरं झालं. आता कळेल, नेटला कोण येत होतं आणि माझ्याकडे कोण." आमच्या आळीतून उरलो दोघंच, वहिनी आणि मी. "दोन म्हणजे शून्य नव्हे," बाई म्हणाल्या.

गेल्या दिवाळीनंतर बाई गेल्या. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या अंगणात पंगत होती. वहिनीला न्यायला काका मोटारसायकल घेऊन आले आणि रस्त्यावरूनच हॉर्न वाजवू लागले. वहिनी पत्रावळ्या मांडत होती. ती ताठ उभी राहिली.

"आबा, तुम्ही व्हा पुढं," सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली. "मी हितंच जेवणार हाय."

आणि मांडी घालून पंगतीत बसली. काकांनी गाडी बंद केली. आत आले नाहीत, पण निघूनही गेले नाहीत. तिचं जेवण होईपर्यंत ते रस्त्यावर उन्हात उभे होते.