अण्णांचं संपादकांना पत्र

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. मी दोह्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. सही-शिक्का नसलेला कागद मी हातातसुद्धा धरत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण ऐका.

माझे वडील, अण्णा, वय ब्याऐंशी, नाशिकला इंग्रजीचे मास्तर होते. गेल्या हिवाळ्यात ते आमच्याकडे, इथे दोह्यात अल मुंतझा भागात राहायला आले. लहानपणी त्यांना रद्दीवाल्याकडे अमेरिकन विज्ञानकथांची मासिकं मिळायची, त्यांच्या जन्माच्याही आधीची! खरबरीत स्वस्त कागद, मुखपृष्ठावर हिरवे राक्षस. शहाणी माणसं नाक मुरडायची आणि वाचणारे जीव टाकायचे. वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यानिशी छापून यायची. त्या पत्त्यांवरून अनोळखी माणसं एकमेकांना लिहायची, भांडायची, जन्माची दोस्त व्हायची. म्हणून अण्णा आधी पत्रांचं पान काढायचे.

त्यातल्या एका क्रमशः कथेत चंद्रावर एक दिवेवाला एकटाच मागे राहतो. त्याला न्यायला यान येतं का? शेवटचा भाग अण्णांना कधी मिळालाच नाही.

"मेधे, हल्ली विसरायला होतं गं," एकदा चहा पिताना ते म्हणाले. "शेवट कळायच्या आधी सुरुवातच विसरलो तर?"



पुढच्याच आठवड्यात मी दुखानला, तेलाच्या साइटवर गेले होते. तिथले रत्नागिरीचे इब्राहिमभाई रिटायर होऊन कायमचे गावी निघालेले. जुन्या पुस्तकांचा खोका माझ्या गाडीत ठेवत म्हणाले, "ने गो बाय. माझी नोकरी खलास, सामान बांधून झालं." तळाशी कव्हर फाटलेलं एक मासिक. त्यात तीच कथा – भाग चौथा, शेवटचा! हा योगायोग. इथपर्यंत मीही मानते.

शुक्रवारी दुपारी मी वाचून दाखवला, अण्णांना बारीक टाइप दिसत नाही ना. यान येतं. बस्स, एवढंच! पण अण्णांचा चेहरा... माझा आवाजच फुटेना.

मग सवयीने पत्रांचं पान काढलं. पहिल्याच पत्राखाली अण्णांचं नाव. नाशिक. आमची गल्ली. 'माझं वय ब्याऐंशी. शेवट आज लेकीने वाचून दाखवला. सत्तर वर्षं थांबलो, वाया गेली नाहीत.' अहो, जो शेवट त्याच अंकात पहिल्यांदा छापलाय, त्याबद्दल त्याच अंकात पत्र? आणि तेही अण्णा जन्मायच्या आधी?

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "कागद घे. संपादकांना कळवायला हवं." आणि सांगू लागले. इंग्रजीत, शब्द न् शब्द तेच. मी लिहून घेत गेले.

शेवटी पेन मागितलं. "एक वाक्य मी लिहितो. तू बघायचं नाहीस." लिहून त्यांनी पाकीट स्वतःच चिकटवलं. मी नाही बघितलं. पण छापलेलं तर वाचलं होतं ना – 'वाचताना लेकीचा आवाज भरून आला; मी कळलं नाही असं दाखवलं.'

छापलेल्या पत्त्यावर मी ते पोस्ट केलं. मासिक बंद पडून जमाना झाला, पण पत्र काही परत आलेलं नाही. सगळे तर्क करून पाहिले, एकावरही शिक्का मारवत नाही.

अण्णा आता नाशिकला आहेत. सुरुवात विसरलेत. फोनवर कधीकधी माझं नावही अडकतं... मग जरा थांबून, मलाच धीर दिल्यासारखं म्हणतात, "यान आलं बरं का!"