खोट्या नेमाची कावड

आमच्या गावाने त्या वर्षी नाथांच्या कावडीचा मान मला दिला, तो माझा कडक नेम पाहून. आणि तो नेम खोटा होता. एवढे एक वाक्य कागदावर उतरवायला मला कितीतरी वर्षे लागली. आज लिहितो आहे, कारण पुढे जे घडले त्याचे ऋण मनात दाबून ठेवणे हीसुद्धा एक लबाडीच ठरेल.

आमचे गाव तिसगावच्या बाजाराला जवळचे. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा, गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचे, काचेच्या नळीत दूध आणि ॲसिड घालून मशीनमध्ये फिरवायचे आणि फॅट लावायची, हे माझे काम. कोणाच्या दुधात पाणी आहे ते मी भर रांगेत सांगत असे, आणि सांगताना मला थोडा अभिमानही वाटत असे. नव्वदचे दशक सरत आले होते. दिवाळीनंतर संस्थेच्या कामासाठी पुण्याला गेलो असताना ओळखीच्या दोघांबरोबर मी एका बाईच्या खोलीत गेलो. सबब सांगत नाही. घरी सालस बायको होती, संसार सुखाचा होता, तरी गेलो. त्या बाईनेच निरोध हातात दिला, मी तो वापरला, आणि पुरती पाच मिनिटेही न थांबता मान खाली घालून जिना उतरलो. खाली आल्यावर समोरच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिले होते की एड्सवर इलाज नाही. ती भिंत माझ्याबरोबर गावी आली.

त्या दिवसापासून मी जिवंतपणी मरू लागलो. अंगात जरा कसर आली की वाटायचे, सुरू झाले. मानेखाली बोटांनी गाठी चाचपायचो. संस्थेत कोणी नसले की दुधाच्या काट्यावर उभा राहून स्वतःचे वजन करायचो. पाव किलो कमी भरले की दिवसभर घशाखाली घास उतरत नसे, आणि न जेवल्यामुळे दुसऱ्या दिवशी वजन आणखी कमी भरे. नगरला जाऊन रक्त तपासून घ्यावे एवढी साधी गोष्ट कळत होती, पण दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन मी दोनदा परत आलो. न जाणो, कागदावर तेच आले तर?

आपल्यामुळे घरात काही व्हायला नको म्हणून मी ओसरीवर वेगळा झोपू लागलो. ताट वेगळे, तांब्या वेगळा. बायकोने विचारले तेव्हा तोंडातून निघून गेले, "नाथांचा नेम धरलाय." तिने लगेच हात जोडले. आम्ही दोघे लग्न झाल्यापासून एका ताटात जेवत आलो होतो. पण त्या दिवसापासून तिने माझे ताट घासून वेगळ्या फळीवर ठेवायला सुरुवात केली आणि गावभर कौतुकाने सांगत सुटली. मी बायकोशी खोटे बोललो होतो, आणि त्यात नाथांना साक्षीला उभे केले होते.

एका सकाळी फॅटची नळी हातात फुटली आणि बोट कापले. रक्ताचा थेंब शेजारच्या कॅनमध्ये पडला की काय अशी मला शंका आली, आणि मी तो भरलेला कॅन सगळ्यांसमोर गटारीत ओतला. रांगेतल्या बायका ओरडल्या, "ओ सेक्रेटरी, येड लागलं का काय? दूध हाय का धुन्याचं पानी?" मी म्हणालो, ॲसिड सांडले. त्यावर मागून धोंडीआबांचा आवाज आला, "बोलू नका गं त्याला. नेमाचा मानूस हाय. त्याला जे दिसतं ते तुमाला न्हाई दिसायचं."

धोंडीआबा आमच्या कावडीचे जुने जाणते. पाडव्याला मढीला नाथांच्या समाधीवर गंगेचे पाणी घालायचे, ते पैठणहून खांद्यावर आणायचे, असा आमच्या गावचा रिवाज. वेळूच्या दोन टोकांना तांब्याच्या दोन कळश्या. पाणी भरल्यापासून कावड जमिनीला टेकवायची नाही. एकाने खांदा दिल्यावरच दुसऱ्याने काढायचा. पायांत वहाण नाही. मुख्य मान दर वर्षी एकाला मिळतो, आणि त्या वर्षी आबांनी चावडीवर माझे नाव घेतले. नाही म्हणायला कारण सांगावे लागले असते. मी मान खाली घालून हो म्हणालो. सगळ्यांना तो विनय वाटला.

पैठणला नदीत उतरून कळश्या भरताना मी मनात म्हणालो, "नाथा, हे पाणी तुझ्यापर्यंत पोचवायची माझी लायकी नाही. वाटेतच काय ते कर." मला मरण सुचवायचे होते. त्याने माझे बोलणे वेगळ्या अर्थाने घेतले असावे.

दुसऱ्या दिवशी शेवगाव मागे पडल्यावर ऊन चढले. बाकीची मंडळी पुढच्या वस्तीवर जेवणाची सोय बघायला गेली होती. मागे मी आणि आबा दोघेच. अशात बाभळीचा काटा माझ्या टाचेत खोल मोडला. पाय टेकेना आणि कावड तर खाली ठेवता येईना. सत्तरीच्या आबांनी कसाबसा खांदा दिला आणि ते थरथरत उभे राहिले. मी रस्त्याच्या कडेला बसलो. टाचेतून रक्ताची धार लागली होती.

तेवढ्यात समोरून एक गृहस्थ सायकल हाताने ढकलत आले. माझ्याच वयाचे, पांढरा शर्ट, चष्मा. त्यांनी सायकल बाभळीला टेकवली आणि काही न विचारता माझ्या पायाशी बसले. मी पाय झटकन मागे ओढला आणि ओरडलो, "हात लावू नका! रक्ताला हात लावू नका!"

त्यांनी हात मागे घेतला. मग सायकलच्या हँडलला अडकवलेली प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातली केळी धोतराच्या सोग्यात घ्या म्हणून आबांना दिली आणि रिकामी पिशवी हाताला गुंडाळली. "मी नगरला सरकारी दवाखान्यात रक्तच तपासतो," ते शांतपणे म्हणाले. "अन् ही पिशवी तुमच्यासाठी न्हाई. कुनाच्याबी रक्ताला हात लावताना मी हेच करतो. आना पाय."

काटा निघाला. त्यांनी रुमाल फाडून टाच घट्ट बांधली. आबा इकडे घामाने भिजले होते. "पाव्हणं, नाथाला निघालाय व्हय?" त्यांनी विचारले.

"न्हाई आबा. आमी बौद्ध. बहिनीकडं चाललो हुतो, सायकलची चेन तुटली. तुमचे पाय लटलटायला लागल्यात, खांदा देऊ का?"

आबांनी त्यांच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे पाहिले. "नेम हाय का काही?"

"नेम न्हाई. खांदा हाय."

"मग चपला काढ अन् घे बाबा. माझा जीव चालला."

अशी ती कावड त्यांच्या खांद्यावर गेली. ज्या वाटेने आले होते तिकडेच ते उलटे वळले. आबा केळे सोलत पुढे चालू लागले, आणि मी त्या गृहस्थांच्या चपला कॅरिअरला लावून, तुटक्या चेनची ती सायकल ढकलत लंगडत त्यांच्या बाजूने निघालो. थोडे अंतर गेल्यावर ते समोर बघतच हळू आवाजात म्हणाले, "रक्ताला एवढं भिणारी मानसं माझ्याकडं रोज येतात. किती दिवस झाले?"

मला रडू कोसळले. पाच महिने जे देवालाही सरळ सांगितले नव्हते ते मी त्या अनोळखी माणसाला सांगितले. ते हळहळले नाहीत, रागावलेही नाहीत. मी दूधवाल्यांना विचारतो तसे नेमके विचारत गेले. निरोध होता का? होता. फाटला? नाही. परत कधी गेलात? नाही. मग म्हणाले, "धोका लई थोडा हाय. अन् ताटानं, तांब्यानं, शेजारी झोपल्यानं हा आजार लागत न्हाई. पाच महिने बायकोला उगंच वनवास घडवला तुमी. कामधंदा काय करता?"

"दुधाची फॅट लावतो."

ते कावडीखाली हसले. "मग नुसतं दूध बघून फॅट लावता का? नळीत घालावंच लागतं ना? तसंच हाय. मी धोका थोडा म्हनालो म्हनून घरी बसू नका. पाच महिने झाल्यात, आता तपासनी पक्की कळंल. सोमवारी या. मी असतो तिथं."

मी इतकी वर्षे गावाच्या दुधाची परीक्षा घेत होतो, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा फाटकातून पळून आलो होतो. हे कोणी मला इतक्या साध्या शब्दांत दाखवले नव्हते. पुढच्या वस्तीवर आमची मंडळी भेटली. त्यांनी खांदा दिला, या गृहस्थांनी चपला घातल्या, सायकल घेतली आणि आल्या वाटेने निघून गेले.

पाडव्याला समाधीवर पाणी घालताना मी रिपोर्ट चांगला येऊ दे असे मागितले नाही. मागावेसे वाटले होते, ओठांवरही आले होते. पण म्हणालो, "जे असेल ते बघायची ताकद दे. आता मी पळणार नाही." किती महिन्यांनी छातीवरचा धोंडा हलला.

त्याच संध्याकाळी बायकोला सगळे सांगितले. ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले. मग म्हणाली, "पुन्याचं मी बघीन काय करायचं ते. पन नाथांचं नाव घेऊन मला फसवलंत? मी येडी, फळी पुसून ताट ठेवत हुते तुमचं." दोन दिवस तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. मी त्यालाच लायक होतो. सोमवारी पहाटे मी एसटीच्या थांब्यावर उभा होतो, तर ती डोक्यावर पदर आणि हातात पिशवी घेऊन येताना दिसली. "एकट्यानं जायचं अन् एकट्यानं यायचं, त्यानंच हे झालंय," एवढेच म्हणाली आणि गाडीत चढली.

दवाखान्यात ते गृहस्थ खरोखर होते. पांढरा डगला घातलेला, तोच चष्मा. त्यांनी ओळख न दाखवता माझे रक्त काढले आणि आठवड्याने या म्हणाले. बाहेर पडल्यावर स्टँडवरच्या हॉटेलात बायकोने मिसळ सांगितली. पोऱ्याने विचारले, दोन का? ती म्हणाली, "एकच आन. मोठी." प्लेट आली तेव्हा तिने ती आमच्या मधोमध सरकवली. अजून काहीच कळले नव्हते, आठवडा जायचा होता. मी हात लावीना, तर म्हणाली, "त्या दादांनी सांगितलंय ना ताटानं काही हुत न्हाई? खा गुमान. मी अजून माफ केलेलं न्हाई, पन भूक लागलीय." ती मिसळ खाताना मला जो आनंद झाला त्याला मी आजही प्रसादच म्हणतो.

आठवड्याने कागद मिळाला. निगेटिव्ह. त्या गृहस्थांनी बोट ठेवून तो शब्द दाखवला आणि तपासणी दोनदा केली असल्याचे सांगितले. मी भर व्हरांड्यात नाथांचा जयजयकार केला. सगळा दवाखाना वळून बघू लागला. "अहो हळू," ते हसत म्हणाले, "आत पेशंट हायेत." बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि कागदाची घडी घालून आपल्याच पिशवीत ठेवली. तो आजही तिच्याकडे आहे.

माझ्यामागे बाकावर एक तरुण जोडपे बसले होते. त्यांच्या कागदावर दुसरा शब्द होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून कळले. तेच गृहस्थ त्यांच्याजवळ जाऊन बसले, त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याशी बोलले होते त्याच आवाजात बोलू लागले. म्हणून माझ्यावर कृपा झाली आणि त्यांच्यावर नाही, असे मी कधीही म्हणणार नाही. कृपा मला कागदावर नव्हे, त्या उन्हाच्या रस्त्यावरच मिळाली होती. कागद वेगळा आला असता तरी तो माणूस, आणि ती एक प्लेट, माझ्या वाट्याला आलेलीच होती.

मी त्यांना मढीची रेवडी दिली आणि विचारले, नेमकी त्याच दिवशी, त्याच ठिकाणी चेन कशी तुटली हो? ते म्हणाले, "जुनी झाली हुती." आणि रेवडी तोंडात टाकली. यावर वाद घालायची मला कधी गरज वाटली नाही. चेन जुनी होती हे खरे आहे, आणि मी हाक मारली होती हेही खरे आहे.

धोंडीआबांना मी पुढे सगळे सांगितले. नेम खोटा होता, मान परत घ्या, म्हणालो. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली. "मान तर घेतोच," ते म्हणाले, "पन काटा तर खराच रुतला हुता न्हवं? मग चालनं फुकट न्हाई गेलं. फुडच्या साली कावडीमागं चाल. बायकूला बी आन."

पुढच्या वर्षी मी मान नसलेला, कसलाही नेम न सांगता, कावडीमागे चाललो. बायको बरोबर होती. शेवगाव ओलांडले, ती बाभळ आली, आणि तिच्या सावलीत सायकल उभी होती. तिला नवी चेन होती. ते गृहस्थ चपला काढून रस्त्याच्या कडेला वाट बघत होते. आबांनी लांबूनच हाळी दिली, "आला का खांदेवाला?" आणि आमची अख्खी मंडळी हसत, जयजयकार करत त्यांच्याकडे धावली.