बाई कुठल्या तालुक्याची

बैठकीत माझा आवाज चढतो, अशी माझी ख्याती आहे. आहे तर आहे. लोकसंख्याशास्त्र शिकवण्यात आणि बाळंतपणांवर संशोधन करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि इतक्या थंड डोक्याने बोलला जाणारा दुसरा विषय मी पाहिलेला नाही. बाई रक्त जाऊन जाऊन मरते आणि आम्ही तिला 'घटना' म्हणतो. अशा पुष्कळ घटना झाल्या की 'दर' म्हणतो. तरुणपणी मला वाटायचं, हा थंडपणा म्हणजेच शास्त्र. आता वाटतं, त्यात शास्त्र थोडं आणि निर्लज्जपणा फार.

मी संगमनेरला कॉलेजात शिकवते. माहेर प्रवरेच्या पाण्यावरचं, उसाचं गाव. वडिलांच्या मागे शेती धाकटा भाऊ बघतो. सुट्टी मिळाली की मी तिकडे जाते, वहिनीच्या हातचं खाते आणि भावाशी भांडते. दोन्ही गोष्टींची मला सवय आहे.

दिवाळी झाली की जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावांतून तोडणीच्या टोळ्या आमच्याकडे येतात. ट्रॅक्टरमधून भांडी, शेळ्या, कोंबड्या, पोरं, सगळा संसार उतरतो. उसाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. टोळी आणणारा मुकादम या लोकांना माणसांत मोजत नाही, कोयत्यांत मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्याने ऊस तोडायचा, तिने पाला सोलायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून ट्रॉलीत भरायच्या. नवरा एकटाच आला तर तो अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता टोळीत कोणाला नको असतो. लहानपणापासून मी हे ऐकत आले. पुढे शहरात जाऊन कुटुंब, घरटी माणसं, मोजणीचं एकक असलं सगळं शिकले, तेव्हा मनात आलं होतं की आमच्या मुकादमाने हे एकक आधीच ठरवून टाकलंय, आणि त्यात बाईला स्वतंत्र आकडाच नाही.

मागच्या हंगामात भावाच्या उसाच्या फडावर एक पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. गरिबातला गरीब बापसुद्धा ती मोडत नाही. तिची आई तिला न्यायला पार पूर्वेकडून एसटी बदलत बदलत आली होती. मुकादम तिला म्हणाला, "आत्ता नेली तर कोयता मोडतो. पट्टा पडू द्या, मग खुशाल न्या." पट्टा पडणं म्हणजे साखर कारखान्याचा हंगाम संपणं. बाळाने मात्र पट्ट्याची वाट पाहिली नाही. सकाळी तिने मोळ्या बांधल्या, दुपारी कोपीत बाळंत झाली. मुलगी झाली, जगली. बाळंतिणीचं रक्त थांबेना. ट्रॅक्टरची ट्रॉली भरलेली होती. ती सोडवून, धक्का मारून ट्रॅक्टर रस्त्याला लागेपर्यंत बाईने जीव सोडला.

वहिनीचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी मी गेले. तोवर तिची आई परत आली होती, यावेळी लेकीला न्यायला नव्हे. कोपीसमोर नात मांडीवर घेऊन बसली होती. मी कोण, काय करते, हे वहिनीने तिला सांगितलं. सरकारच्या बैठकांना जाते, एवढंच तिने त्यातलं उचललं.

"म्याडम," ती म्हणाली, "हे लोक म्हन्त्यात तिला आधीपासूनच आजार हुता. कसला आजार? माझी लेक बाळंतपनात गेली, काम करता करता गेली. येवढं सरकारातल्या कुनीतरी म्हना."

मी विचारलं, "मावशी, तसं म्हटल्याने तुम्हाला काय मिळणार?"

"मला काय मिळायचंय? धाकटी हाय मला. बारावी झाली, नर्सिंगला जायचं म्हन्ती. मातीला आल्याली मानसं आत्ताच बोलायलीत, लेकरू सांबाळाया मावशीच बरी, जावयाला दुसरी कशाला बघायची. आजारानं गेली म्हन्ले तर म्या कोन्त्या तोंडानं न्हाई म्हनू? सायबानं सांगितलं ना, कामानं मारली, तर मला न्हाई म्हनाया तोंड ऱ्हाईल."

मी तिला शब्द दिला. बाळंतपणात बाई गेली की जिल्ह्याच्या ठिकाणी त्या मृत्यूचा आढावा घेतात, कुठे चुकलं ते ठरवतात. तज्ज्ञ म्हणून मला तिथे बोलावतात. म्हणजे हे म्हणणं माझं कामच होतं.

बैठकीत मी विषय काढला. दोन तालुक्यांचे दोन अधिकारी समोरासमोर बसले होते. एक तिच्या गावाकडचा, एक कारखान्याकडचा. गावाकडचे म्हणाले, "मृत्यू आमच्या हद्दीत झालेलाच नाही." कारखान्याकडचे म्हणाले, "त्या बाई आमच्या रहिवासी नाहीत. हंगामी आहेत." मग दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. इतकी एकवाक्यता मी त्या हॉलमध्ये कधी पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "अहो, दोन्ही तालुके याच जिल्ह्यातले. बाई जिल्ह्याबाहेर गेलीच नाही. मग ती मेली कुठे, अधांतरी?"

अध्यक्षस्थानी बसलेले गृहस्थ हसले. आम्ही एकाच पिढीचे, परिषदांना एकत्र जेवलेलो. म्हणाले, "मॅडम, रहिवाशाची व्याख्या तुम्हीच आम्हाला शिकवता. तुम्हीच सांगा."

व्याख्या मला झोपेतही सांगता येते. एका जागी ठरावीक मुदत राहील तो तिथला रहिवासी. तोडणीचा हंगाम त्या मुदतीच्या जरासा अलीकडे संपतो. म्हणजे उसाकडे ही माणसं रहिवासी होण्याआधीच परत जातात. आणि गावाकडे? गावाकडची पाहणी होते हिवाळ्यात, कारण तेव्हा हवा बरी असते आणि कॉलेजांना सोयीचं असतं. पाहणीला गेलेली पोरं दाराला कुलूप बघतात आणि शेजारच्या घरात जातात. शेजारी म्हणजे कोण, तर ज्याला तोडणीला जावं लागत नाही तो. त्याच्या सुनेचं बाळंतपण दवाखान्यात झालेलं असतं, तिला लोहाच्या गोळ्या मिळालेल्या असतात. अहवाल झकास होतो. मग आम्ही चकचकीत कागदावर छापतो की या भागात परिस्थिती सुधारली. सुधारली कसली? जिची परिस्थिती वाईट, ती घरी नव्हती, एवढंच. यावर मी लेख लिहिले, परिषदांत बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा पोरं पाठवली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे सगळं मी त्या बैठकीत बोलले, आणि हळू आवाजात नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. "व्याख्या मोजायला असते, लपायला नाही," असं मी टेबलावर हात आपटून म्हणाले. कोणीतरी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. बाईमाणूस चिडलं की पाणी पाजायचं, हा सरकारी उपचार सगळ्या खात्यांत सारखाच असतो. मग चहा आला, बिस्किटं आली, आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढच्या बैठकीत अध्यक्ष बदलले होते. नव्या अध्यक्षांनी विचारलं, "ही बाई कुठल्या तालुक्याची?" आणि पुन्हा तेच दोघे, पुन्हा तीच मान हलवणं.

माहेरी आले तर भाऊ तोंड फुगवून बसलेला. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"ताई, आपल्या फडाचं नाव कशाला घ्यायचं तिथं? उद्या टोळी आली नाही तर ऊस काय तू तोडणारेस?"

"तिला कोणी मारली असं मी म्हटलेलं नाही. कुठे मेली तेवढं सांगितलं."

"ते आमच्या घरचं हाय का? मुकादमाची मानसं, मुकादम बघंल."

मी ताटावरून उठले. वहिनी मधे पडली नाही. ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिली, आणि त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरातच थापल्या गेल्या.

गेलेल्या मुलीच्या आईचा फोन अधूनमधून यायचा. काय झालं सरकारात, असं विचारायची. पुढच्या बैठकीत आहे, असं मी सांगायचे. एकदा ती म्हणाली, "तवर ते थांबत न्हाईत, म्याडम." उन्हाळ्यात फोन बंदच झाले. मी लावला तर कोणी उचलेना. धाकटीचं लग्न उरकलं, हे मला समजलं.

यंदा दिवाळीनंतर तीच टोळी आली. ऊस तोडायला हात लागतातच, माणसं तीच येतात. मी सुट्टीला गेले तर बांधावर धाकटी उभी. कडेवर बहिणीची मुलगी, अंगावर नवऱ्याचा जुना शर्ट, पाल्याने कापलेले हात. आणि पोट दिसत होतं. मी कोण ते तिला माहीत होतं. आईने सांगितलेलं असणार. तिने माझ्याकडे बघितलं आणि पोरीची कुंची नीट करायला लागली.

मुकादम तेवढ्यात आला. त्याला माझ्याशी दोन शब्द गोड बोलायचे होते. म्हणाला, "बघा म्याडम, देवानं ऐकलं. कोयता पुरा झाला."

मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिकलेल्या बाईच्या तोंडी शोभत नाही, असं तो नंतर भावाला म्हणाला म्हणे. देवळालीच्या माझ्या आत्याकडून शिकलेले शब्द होते ते, कॉलेजातले नव्हेत.

तिथून मी तडक घरात गेले. भाऊ ओसरीवर मोबाईल बघत बसला होता.

"गाडी काढ," मी म्हटलं.

"कुठं?"

"सरकारी दवाखान्यात. त्या धाकटीचं बाळंतपणासाठी नाव घालायचंय."

"ताई, तू परत..."

"गाडी काढ. नाहीतर मागच्या वेळी तुझ्या फडाचं नाव बैठकीत घेतलं, या वेळी बेलापूरच्या बाजारात उभी राहून घेईन."

त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने खुंटीवरची गाडीची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली आणि धाकटीच्या कडेवरची पोरगी सांभाळायला बांधाकडे चालू पडली. भावाने गाडी काढली आणि बांधावरून धाकटीला घेऊन आम्ही निघालो.

दवाखान्यात नर्स तरुण होती, चटपटीत. दंडाला पट्टा बांधून तिने रक्तदाब घेतला, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. धाकटी ते सगळं एकटक पाहत होती. पट्टा कसा बांधतात, रबरी फुगा कसा दाबतात. स्वतःला तपासताहेत हे ती विसरलीच होती. मला वाईट वाटलं आणि लगेच त्याचा राग झाला. माझं तसंच होतं.

"गाव कुठलं?" नर्सने विचारलं.

धाकटीने पूर्वेकडच्या गावाचं नाव सांगितलं.

"मग तुमची नोंद तिकडंच करा की. इथं किती दिवस हाय तुमी?"

"पट्टा पडंपर्यंत," ती खरं बोलली.

नर्सने पेन खाली ठेवलं. चांगली पोरगी होती, तिचा काही दोष नव्हता. तिला तसं शिकवलं होतं, आणि शिकवणाऱ्यांना आम्ही शिकवलं होतं.

मी म्हटलं, "पट्टा पडेपर्यंत नाही. कायमची. आमच्या गावात, आमच्या घरात राहते. घरमालक हे इथे उभे आहेत." आणि मी भावाकडे बोट दाखवलं.

नर्सने त्याच्याकडे पाहिलं. पोरीच्या कापलेल्या हातांकडे पाहिलं. मग परत त्याच्याकडे.

"दादा, तुमच्याकडंच राहतात का ह्या?"

भाऊ माझ्याकडे बघेना. त्याच्या चेहऱ्यावर टोळी, ऊस, मुकादम, सगळं येऊन गेलं. नाही म्हणाला असता तर मी त्याचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं, आणि हे त्याला ठाऊक होतं. त्याने घसा खाकरला.

"व्हय," तो म्हणाला. "आमच्या घरची हाय. लिहा."

आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना बजावलं, जो जिथला नाही त्याला तिथला लिहू नका, सगळी मोजणी नासते. त्या दिवशी मी समोर उभं राहून ते खोटं लिहून घेतलं आणि शेवटी आमचं आडनाव, गाव, तालुका नीट आलंय ना ते वाचून पाहिलं. आता हिचं काही बरंवाईट झालं, तर बैठकीत कोणाला मान हलवता येणार नाही. बाई याच तालुक्याची आहे, याच गावची आहे. आणि पहिल्यांदा जाब द्यावा लागेल तो आमच्या घराला.